धूलिकण, ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस आणि कॅप्सूलची बाटली

दिवाळीनंतर हवा जड झाली की छातीच्या डॉक्टरांकडे येणाऱ्या प्रश्नांचा सूरही एकच होतो. ‘ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस’ (आक्रमक ऑक्सिडीकारक रेणूंमुळे पेशींवर येणारा ताण) हे शब्द आता औषधांच्या वेष्टनांवर झळकू लागल्याने गोंधळात भरच पडली आहे. वारंवार येणाऱ्या काही प्रश्नांची ही उत्तरे.

प्रश्न : एवढासा धूलिकण शरीरात नेमके काय करतो? (चंद्रपूर)

पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून कमी व्यासाचे कण. ते थेट वायुकोशांपर्यंत पोहोचतात. त्यांच्यावर लोह, तांबे यांसारखे धातू आणि अर्धवट जळालेल्या इंधनातील संयुगे चिकटलेली असतात. लोहाची गाठ पेशीतील हायड्रोजन पेरॉक्साइडशी पडली की हायड्रॉक्सिल हा अत्यंत आक्रमक रेणू तयार होतो. शिवाय कण गिळायला आलेल्या भक्षक पेशीही असेच रेणू बाहेर टाकतात. फुप्फुसाच्या अस्तरातील ग्लुटाथायोन या अँटिऑक्सिडंटचा, म्हणजे अशा रेणूंना निष्प्रभ करणाऱ्या पदार्थाचा, साठा यात खर्ची पडतो आणि मग पेशींची आवरणे व डीएनए यांना इजा होऊन सूज सुरू होते. ही सूज फुप्फुसापुरती राहत नाही. रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते, रक्तवाहिन्यांची सैलावण्याची क्षमता घटते आणि म्हणूनच प्रदूषणाचा हृदयविकाराशी संबंध येतो.

प्रश्न : रोज गूळ खाल्ल्याने फुप्फुसातील धूळ साफ होते का? (भिवंडी)

नाही, गूळ पोटात जातो, फुप्फुसात नव्हे, आणि मधुमेह असल्यास तो खाण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

प्रश्न : मग अँटिऑक्सिडंट कॅप्सूल घ्याव्यात का? दुकानदाराने तीन महिन्यांचा कोर्स सांगितला आहे. (पुणे)

हा प्रश्न मला सर्वांत अस्वस्थ करतो. ‘ऑक्सिडेशनने इजा होते, म्हणून अँटिऑक्सिडंट गिळा’ हा युक्तिवाद ऐकायला बिनचूक वाटतो, आणि नेमका तोच तपासून पाहिला गेला आहे. फिनलंडमध्ये २९ हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष १९९४ मध्ये आले, तेव्हा बीटा-कॅरोटीन हे अँटिऑक्सिडंट घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी नव्हे, तर सुमारे १८ टक्क्यांनी अधिक आढळला. अमेरिकेत धूम्रपान करणारे व ॲस्बेस्टॉसच्या संपर्कात आलेले कामगार यांच्यावरील अशीच दुसरी चाचणी १९९६ मध्ये मुदतीपूर्वी थांबवावी लागली. शरीर हेच ऑक्सिडीकारक रेणू जंतू मारण्यासाठी आणि पेशींमधील संदेशांसाठीही वापरते. बाहेरून मोठ्या मात्रेने केलेली ढवळाढवळ कोणत्या दिशेला जाईल, हे वेष्टनावरील हिरव्या पानाच्या चित्रावरून कळत नाही. या चाचण्या शहरी धुळीवरच्या नव्हत्या, हे खरे; पण म्हणून कॅप्सूल निर्धोक ठरत नाहीत. आवळा, पेरू, पालेभाज्या आहारात जरूर असाव्यात. गोळी मात्र, विशेषतः धूम्रपान करणाऱ्यांनी, कर्करोगाचे उपचार चालू असलेल्यांनी आणि गर्भवतींनी, स्वतःच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये.

प्रश्न : आयोनायझर असलेला एअर प्युरिफायर चांगला का? (ठाणे)

हेपा (अतिसूक्ष्म कण अडवणाऱ्या) फिल्टरचा घ्यावा. हवेत विद्युतभारित कण सोडणारे काही आयोनायझर ओझोन तयार करतात आणि ओझोन स्वतःच फुप्फुसाला जाळणारा ऑक्सिडीकारक वायू आहे. तोच ‘ताजी हवा’ म्हणून विकला जातो. बंद खोलीत मच्छर कॉइल पेटवून प्युरिफायर चालवणाऱ्यांना काय सांगावे?

प्रश्न : ॲपवर हवा ‘समाधानकारक’ दिसते, तेव्हा दम्याच्या रुग्णाने फिरायला जावे का? (मुंबई)

आपल्याकडे पीएम २.५ ची २४ तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेली १५. ‘समाधानकारक’ हा शब्द त्या ६० पर्यंत ताणला जातो. फिरणे बंद करू नये. हमरस्ता व बांधकामाची जागा टाळावी, आणि आपली मर्यादा डॉक्टरांशी बोलून ठरवावी.

प्रश्न : वडील ६४ वर्षांचे आहेत. दोन वर्षांपासून जिना चढताना धाप लागते. ‘पंपाची सवय लागते’ म्हणून ते टाळतात. (नागपूर)

इन्हेलरची सवय लागत नाही. दोन वर्षे वाट पाहिल्याने जे गेले, ते मात्र परत येईलच असे नाही. धाप हृदयामुळेही लागते, म्हणून स्पायरोमेट्री (फुंकून फुप्फुसांची क्षमता मोजणारी चाचणी) आणि ईसीजी या दोन्ही तपासण्या याच आठवड्यात करून घ्याव्यात. छातीत दुखून घाम येत असेल, तर तपासणीच्या तारखेची वाट न पाहता तडक रुग्णालय गाठावे.