प्रोग्रॅमला कोर नेमून देण्याआधी

प्रोग्रॅम हळू चालतोय म्हणून लगेच त्याला एका कोरवर (प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा एक भाग) बांधू नका. लिनक्सचा शेड्युलर, म्हणजे कोणतं काम कोणत्या कोरवर चालेल हे ठरवणारा भाग, हे काम बहुतेक वेळा आपल्यापेक्षा चांगलं करतो. चार थ्रेडचा (एकाच वेळी चालू शकणाऱ्या चार कामांचा) प्रोग्रॅम एकाच कोरवर अडकवलात, तर चारही थ्रेड तिथेच रांग लावतील आणि बाकीचे कोर रिकामे बसतील.

तरीही करायचंच असेल, तर आधी सीपीयूंची यादी दाखवणारी 'एलएससीपीयू -ई' (lscpu -e) ही कमांड चालवा. कोरच्या रकान्यात दोन सीपीयूंसमोर एकच आकडा दिसला, तर ते एकाच खऱ्या कोरचे दोन भाग आहेत (यांनाही थ्रेड म्हणतात, पण हे प्रोग्रॅमचे थ्रेड नव्हेत). दोन जड कामं त्या जोडीवर टाकू नका, ती एकमेकांचा वेग खातात.

मग प्रोग्रॅमला सीपीयू नेमून देणारी 'टास्कसेट' (taskset) ही कमांड. यातला 'सी' (-c) हा पर्याय अजिबात विसरू नका. 'टास्कसेट -सी 3' म्हणजे 3 क्रमांकाचा सीपीयू, मोजणी 0 पासून. नुसतं 'टास्कसेट 3' लिहिलंत तर 3 हा बिटमास्क, म्हणजे ज्याचा प्रत्येक बिट एकेक सीपीयू दाखवतो असा आकडा (बायनरीत 11), धरला जातो आणि प्रोग्रॅम 0 आणि 1 क्रमांकाच्या सीपीयूंवर जातो. एरर काही येत नाही, त्यामुळे पत्ताच लागत नाही!

कोर नेमला म्हणजे तो राखीव झाला असंही नाही. बाकीचे प्रोग्रॅम तिथे येतच राहतात. खरा फायदा दिसतो तो दोन सॉकेटच्या (म्हणजे दोन प्रोसेसर बसवलेल्या) सर्व्हरवर, कारण पलीकडच्या सॉकेटची मेमरी वाचायला जास्त वेळ लागतो. तिथे 'न्यूमासीटीएल' (numactl) ही कमांड वापरून कोर आणि मेमरी दोन्ही एकाच बाजूला ठेवा.