घाटात तापणारी जीप: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: माझ्याकडे १९९० सालची महिंद्राची एमएम ५४० जीप आहे, २११२ सीसीचं डिझेल इंजिन. चिपळूणहून कराडला येताना पोफळी सोडून कुंभार्लीचा चढ लागला की तापमानाचा काटा लाल पट्ट्याकडे सरकतो. बाजूला घेऊन थोडं थांबलं की उतरतो. सपाटीला काही त्रास नाही, पाणीही फारसं कमी होत नाही. रेडिएटरचं रॉडिंग (नळ्यांत सळ्या घालून सफाई) करून घेतलं, मिस्त्रींनी थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारी झडप) काढून टाकला, तरी फरक नाही. आता ते हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, उतरवू म्हणतात. उतरवू का? गाडीचा समोरून आणि बॉनेट उघडून काढलेला फोटो सोबत आहे.
— एक वाचक, कराड

उत्तर: हेडला हात लावू नका. निदान अजून तरी नाही.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं सगळं काम जुन्या डिझेल जीपवरच झालं. तापणारी गाडी आली की पाना उचलण्याआधी मी विचारतो, तापते कधी? त्या उत्तरात बहुतेक निदान असतं. सपाटीवर वेगात तापत असेल तर संशय पाण्याच्या वाटेवर घ्यायचा: नळ्या तुंबलेल्या, किंवा खालचा होजपाइप रेस दिल्यावर आत चेपतोय. सकाळी चालू केल्यावर थोड्याच वेळात पाणी फेकत असेल तर संशय हेड गॅस्केटवर, म्हणजे हेडखालच्या पॅकिंगवर. तुमची मात्र फक्त संथ, लांब चढाला तापते. चढाला इंजिनवर पूर्ण भार असतो, पण वेग नसल्यामुळे समोरून वारा मिळत नाही. सगळी मदार पंख्यावर येते. म्हणून आधी वारा तपासायचा.

आता तुमचा फोटो. रेडिएटरमागे पंख्याभोवती जे पत्र्याचं कडं असतं, ज्याला आपण काउल म्हणतो, ते तुमच्या गाडीला नाही. कधीतरी रेडिएटर काढताना बाजूला ठेवलं गेलं असेल. काउल नसला की पंखा इंजिनजवळची गरम हवाच घुसळत बसतो, रेडिएटरच्या कडेच्या भागातून हवा ओढत नाही. सपाटीला हे कळतही नाही, घाटात कळतं. जुन्या बाजारात नाही मिळाला तर पत्रेवाल्याकडून करून घ्या. पंख्याची पाती साधारण अर्धी आत, अर्धी बाहेर राहतील असा बसवा आणि चहूबाजूंनी बोटभर फट ठेवा, कारण इंजिन हलतं.

समोरचं तर मला बघवलं नाही. चार जादा दिवे आणि त्यांच्यामागे आडवी पट्टी, थेट जाळीसमोर. दिवे वर किंवा कडेला घ्या. रेडिएटरच्या पन्हाळ्यांत, म्हणजे नळ्यांमधल्या पातळ पत्र्याच्या घड्यांत, चिखल, गवताचं बी, किडे बसलेले असतात, ते इंजिनच्या बाजूने बाहेर अशा दिशेने हलक्या पाण्याने धुवा. सर्व्हिसिंग सेंटरचा जोराचा फवारा मारला तर पन्हाळी आडवी होतात आणि हवेची वाट कायमची बंद होते. फॅन बेल्ट मधोमध अंगठ्याने दाबा. १० ते १२ मिलीमीटर दबला तर ठीक. बेल्टच्या कडा चकचकीत झाल्या असतील तर ताणून उपयोग नाही, तो भाराखाली घसरतोच. नवा घाला.

थर्मोस्टॅट परत बसवा. ही विनंती मी प्रत्येक वाचकाला हात जोडून करतो. बायपास (रेडिएटर टाळून पाणी इंजिनमध्येच फिरवणारी वाट) असलेल्या बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाटही बंद करतो. तो काढला की गरम पाण्याचा काही भाग रेडिएटरला न जाता इंजिनमध्येच फिरत राहतो, म्हणजे चढाला गाडी उलट जास्त तापू शकते. आणि सपाटीला इंजिन नीट गरमच होत नाही, त्यामुळे डिझेल जास्त जातं आणि सिलिंडर लवकर झिजतात. नवा घेतला तरी बसवण्याआधी तपासा. पातेल्यात पाणी घेऊन तो दोऱ्याने तळाला न टेकवता लोंबता ठेवा, शेजारी थर्मामीटर. त्यावर ८२ कोरलेलं असेल तर ८२ अंशांच्या आसपास हलायला लागला पाहिजे आणि आणखी १०-१२ अंशांत चांगला उघडला पाहिजे.

रेडिएटरच्या झाकणाकडेही कुणी बघत नाही. समुद्रसपाटीला साधं पाणी १०० अंशांना उकळतं, पण झाकणाने अर्धा बार दाब धरला तर तेच पाणी सुमारे १११ अंशांपर्यंत उकळत नाही. रबर कडक झालेलं झाकण हा आधार काढून घेतं. गाडीच्या पुस्तकात सांगितलेल्या दाबाचंच घ्या, जास्त दाबाचं नको, जुना रेडिएटर फुटेल.

हे सगळं करूनही तापली तर चढाला धूर बघा. काळा धूर येत असेल तर पिकअपसाठी कुणीतरी डिझेल पंपाचा स्क्रू फिरवलेला असू शकतो, किंवा टायमिंग (डिझेल फवारण्याची वेळ) मागे पडलेलं असू शकतं. तुमचं इंजिन प्रीचेंबरचं आहे, म्हणजे डिझेल आधी हेडमधल्या छोट्या कप्प्यात पेटतं. अशी इंजिनं मुळातच पाण्यात जास्त उष्णता सोडतात, त्यामुळे जादा डिझेल त्यांना सोसत नाही. पंप कॅलिब्रेशनवाल्याकडे द्या, अंदाजाने स्क्रू फिरवू नका.

हेडची शंका मनातून जात नसेल तर न खोलता तपासता येते. थंड इंजिन, रेडिएटर काठोकाठ भरलेला, झाकण उघडं. बेल्ट काढा, म्हणजे पंप पाणी ढवळणार नाही. मग फक्त मिनिटभर चालू करा, जास्त नाही. सतत बुडबुडे येत राहिले तर गॅस पाण्यात शिरतोय, मग मिस्त्रींचं ऐका. पाणी शांत राहिलं तर ते तुमचा मोठा खर्च वाचवेल.

चालवण्याबद्दल थोडं. तिसऱ्या गिअरमध्ये रडत चढवू नका, दुसरा टाका. या गाडीत पंखा आणि वॉटर पंप दोन्ही इंजिनच्या फेऱ्यांवर फिरतात, फेरे पडले की वारा आणि पाणी एकदमच कमी होतं. पण दुसऱ्यानेही जड जातंय म्हणून कोरड्या डांबरावर लो रेशो (संथ, जास्त ताकदीचा जादा गिअर) घालू नका. तुमच्या ट्रान्सफर केसमध्ये (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीत) लो म्हणजे पुढचा अॅक्सलही जोडलेला, वळणावर सगळी यंत्रणा ताणली जाते. काटा चढायला लागला की भार सोडा, सुरक्षित जागी थांबा आणि इंजिन थोड्या वाढीव रेसवर चालू ठेवा. वाफ आली, पाणी सांडलं किंवा बेल्ट तुटला असेल तर मात्र स्टॉपची दांडी ताबडतोब ओढा. गरम झाकण उघडायचं नाही, तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतायचं नाही. हेडला चीर जाते ती अशाने. लाल पट्ट्यातला काटा अचानक खाली आला तर सुटलो असं समजू नका, सेन्सरजवळचं पाणीच संपलेलं असू शकतं.

प्रश्न: आमच्याकडे बोअरचं पाणी आहे. तेच रेडिएटरमध्ये घालत आलो आहोत. कूलंट लागतंच का? — एक वाचक, बारामती

उत्तर: लागतं. बोअरच्या पाण्यातले क्षार इंजिनच्या आत गरम भिंतींवर खरवडून निघणार नाही असा थर धरतात, आणि त्या थरातून उष्णता पाण्यात उतरत नाही. बाहेरून रेडिएटर कितीही साफ केला तरी हा थर जात नाही. आधी सगळं पाणी काढून, उलट दिशेने फ्लश करून घ्या, मग डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट. आपल्या हवेला ३० ते ५० टक्के कूलंट पुरे. निव्वळ कूलंट भरू नका, उष्णता वाहून न्यायला पाणी त्याहून चांगलं. वाटेत अडचणीला कोणतंही पाणी घाला, पण घरी आल्यावर बदला.

प्रश्न: जुन्या जीपचा तापमानाचा काटा खरा आहे की खोटा, कसं ओळखावं? — एक वाचक, सावंतवाडी

उत्तर: डिझेलचा काटाही त्याच वेळी वर चढतो का बघा. काही जुन्या डॅशबोर्डमध्ये दोन्ही काट्यांना एकाच व्होल्टेज स्टॅबिलायझरमधून वीज जाते, तो बिघडला की दोन्ही एकदम खोटं बोलतात. नाहीतर इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या आणि थर्मोस्टॅटच्या घरावर मोजा. चकचकीत अॅल्युमिनियमवर तो कमी दाखवतो, म्हणून काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवून त्यावर धरा.

प्रश्न: मूळ पंखा काढून इलेक्ट्रिक फॅन लावू का? — एक वाचक, नाशिक

उत्तर: नको. जुना अल्टरनेटर त्याचा भार ओढताना दमतो, आणि रात्री घाटात दिवे व फॅन एकदम लागतात. मूळ पंखा, पूर्ण काउल आणि ताणलेला बेल्ट असेल तर या गाड्यांना दुसरं काही लागत नाही.