पाचवे कलम, गोवा आणि जर्मनीतला मुलगा: नाटोविषयी वाचकांचे प्रश्न

सप्टेंबर २०२५मध्ये रशियन ड्रोन पोलंडच्या हद्दीत शिरले, तेव्हापासून नाटोवर, म्हणजे अमेरिका, कॅनडा आणि युरोपीय देशांच्या लष्करी आघाडीवर, पत्रे येतच आहेत. निम्म्याहून अधिक पत्रांत गोंधळ तोच. काही निवडक प्रश्न घेतो.

भारत 'नाटो प्लस'मध्ये सामील झाला, असा मेसेज सोसायटीच्या ग्रुपवर आला. खरे का? (डोंबिवली)

नाही. 'नाटो प्लस' नावाची संघटनाच नाही. अमेरिकेच्या शस्त्रविक्री कायद्यात जपान, ऑस्ट्रेलियासारख्या पाच देशांना ज्या सवलती आहेत, त्यांचे हे टोपणनाव. २०२३मध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या एका समितीने त्यात भारताला घ्यावे अशी शिफारस केली. नाटोचा साचा भारताला लागू पडत नाही, असे परराष्ट्रमंत्री जयशंकर यांनी तेव्हाच सांगितले. शिवाय नाटो करारात नव्या सदस्याचे निमंत्रण फक्त युरोपीय देशाला देता येते. पुढच्या वेळी मेसेज ढकलण्याआधी परराष्ट्र मंत्रालयाचे संकेतस्थळ उघडून बघा.

युरोपीय देशांनी नाटोची वर्गणी थकवली आहे म्हणतात. किती थकली? (नाशिक)

काहीच नाही, कारण ती वर्गणी नव्हे. प्रत्येकाने स्वतःच्या संरक्षणावर जीडीपीच्या किती टक्के खर्च करावा, याचे ते उद्दिष्ट आहे. २०१४मध्ये ते २ टक्के ठरले. २०२५मध्ये हेगच्या नाटो बैठकीत ठरले, २०३५पर्यंत ५ टक्के: साडेतीन थेट सैन्यावर, दीड त्याला पूरक कामांवर. नाटोचा सामाईक निधी वेगळा आणि त्या मानाने किरकोळ. त्यात अमेरिका आणि जर्मनी जवळपास सारखाच वाटा देतात.

'नाटो ५ टक्के' थीमचे युरोपियन शेअर घ्या, परतावा नक्की, असे एक एजंट सांगतो. घ्यावेत का? (पुणे)

नक्की परतावा म्हणणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा. बाकी सेबीकडे नोंदणी असलेल्या सल्लागाराला विचारा. तो माझा प्रांत नाही.

क्लासच्या नोट्समध्ये लिहिले आहे: 'एका सदस्यावर हल्ला झाल्यास कलम ५ नुसार सर्व ३२ देशांना आपोआप युद्धात उतरावे लागते.' परीक्षेत असेच लिहू का? (सांगली)

अजिबात नको. हे वाक्य मी इतक्या नोट्समध्ये पाहिले आहे की सगळ्यांनी एकाच झेरॉक्सवरून उतरवले असावे. 'हमखास येणारे प्रश्न' म्हणून विकताना मूळ करार एकदा उघडायला काय हरकत होती? अवघी १४ कलमे आहेत.

वाक्याचा पहिला भाग ठीक. एकावरचा हल्ला सर्वांवरचा मानला जाईल, असे कलम ५ म्हणते. पण पुढे काय करायचे? प्रत्येक देशाने 'स्वतःला आवश्यक वाटेल ती' कृती करायची. सशस्त्र बळाचा वापर हा त्यातला एक पर्याय. काय आवश्यक, हे ज्याचे त्याने ठरवायचे. ही ढिलाई मुद्दाम ठेवलेली आहे. मार्च १९४८च्या ब्रुसेल्स करारात ब्रिटन, फ्रान्स, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग यांनी एकमेकांना शक्य ती सर्व लष्करी मदत देण्याचे वचन दिले होते. वॉशिंग्टनकडूनही त्यांना तसेच काही हवे होते. पण युद्ध पुकारण्याचा अधिकार अमेरिकी काँग्रेसचा. तो कराराच्या एका ओळीने निघून जाणे सिनेटला मान्य होईना. म्हणून ४ एप्रिल १९४९ला सही झाली ती या सैल शब्दांवर.

कलम ५ आजवर एकदाच लागू झाले, अमेरिकेवरच्या ९/११ हल्ल्यानंतर, १२ सप्टेंबर २००१ला. त्यातून काय घडले? युरोपातून नाटोची अवाक्स टेहळणी विमाने गेली आणि अमेरिकेच्या आकाशावर पहारा देऊ लागली. आपोआप युद्धात कोणी उतरले नाही. पोलंडने तर ड्रोन प्रकरणात कलम ४ मागितले, म्हणजे सल्लामसलत. त्या रात्री ड्रोन पाडणाऱ्यांत डच एफ-३५ विमाने होती, ती आधीपासून तिथे तैनात होती म्हणून.

माझी काळजी इथेच आहे. नाटोत मतदान नसते, एकमत लागते. मसुदा फिरवतात, ठरलेल्या वेळेपर्यंत कोणी हरकत घेतली नाही तर तो मंजूर. एकाने हरकत घेतली की सगळे अडले. स्वीडनने मे २०२२मध्ये अर्ज केला. तुर्कस्तान आणि हंगेरीच्या मंजुरीसाठी ताटकळत मार्च २०२४ उजाडला. हल्ल्याच्या वेळी असा वेळ कोण देणार? म्हणून शब्दांपेक्षा सैन्य आधीच कुठे उभे आहे ते बघा: एस्टोनियात ब्रिटिश, लाटवियात कॅनडियन, लिथुआनियात जर्मन. तिथे पहिली गोळी सुटली की लंडन आणि बर्लिनला विचार करायला फारशी मोकळीक उरत नाही.

उत्तर लिहिण्याआधी मूळ कलमे वाचा आणि राज्यशास्त्राच्या प्राध्यापकांशी बोला. क्लासवाल्याशी नको.

पोर्तुगाल नाटोचा संस्थापक सदस्य. मग १९६१मध्ये गोव्यासाठी नाटो का आली नाही? (मडगाव)

कलम ६ मुळे. कराराचे क्षेत्र म्हणजे युरोप, उत्तर अमेरिका आणि कर्कवृत्ताच्या उत्तरेकडील अटलांटिकमधली बेटे. फ्रान्सने हट्टाने तेव्हा आपल्या ताब्यात असलेला अल्जेरिया घालून घेतला, पण गोवा त्यात कधीच नव्हता. याच कारणाने १९८२मध्ये अर्जेंटिनाने ब्रिटनची फॉकलंड बेटे घेतली तेव्हाही कलम ५ लागले नाही. मात्र मित्रराष्ट्रे गप्प बसली नव्हती. १८ डिसेंबर १९६१ला सुरक्षा परिषदेत युद्धबंदीच्या आणि भारताने सैन्य मागे घेण्याच्या ठरावाला अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान यांनी पाठिंबा दिला. सोव्हिएत नकाराधिकाराने तो पडला. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारला मते मिळाली, सैन्य नाही. लिस्बनच्या बाजूचे कागद वाचायचे असतील तर पोर्तुगीज जाणणारा इतिहासकार गाठा.

मुलगा म्युनिकमध्ये नोकरीला आहे. त्याला जर्मन सैन्यात भरती करतील का? (सोलापूर)

पासपोर्ट भारतीय असेल तर नाही. जानेवारी २०२६पासूनचा नवा कायदा जर्मन नागरिकांसाठी आहे. २००८ किंवा त्यानंतर जन्मलेल्या जर्मन मुलग्यांना प्रश्नावली भरणे बंधनकारक झाले आहे. सरसकट सक्तीची भरती अजून नाही. तो जर्मन नागरिकत्व घेणार असेल तर आधी तिथल्या वकिलाला विचारा. पण भारतीय वकिलातीकडे त्याने नोंदणी केली आहे का? पत्रात ते लिहिलेले नाही. फेब्रुवारी २०२२मध्ये युक्रेनमधल्या कीव्हच्या भारतीय दूतावासाने रशियाच्या आक्रमणाच्या आठ-नऊ दिवस आधी विद्यार्थ्यांना तात्पुरते निघण्याचा विचार करा असे कळवले होते. 'कॉलेज काय म्हणते ते बघू' म्हणून कितीतरी जण थांबले. नोंदणी आजच करायला सांगा.