पोरं ग्रामसभेला का येत नाहीत?

प्रश्न: ताई, मी खटाव तालुक्यातल्या एका गावात पहिल्यांदाच ग्रामपंचायत सदस्य झाले आहे. आमच्याकडे गणपतीच्या मांडवात पोरं रात्र रात्र राबतात, पण ग्रामसभेकडे एकही फिरकत नाही. माझाच मुलगा म्हणतो, "आई, तिथं सगळं आधीच ठरलेलं असतं." पोरांना कसं आणायचं?
– एक सदस्या, जि. सातारा

उत्तर: ताई, तुमच्या मुलाचं म्हणणं आधी खरं धरा. मी निवृत्त होईपर्यंत ग्रामसेवकाची नोकरी केली (आता त्या पदाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) आणि त्याच्यासारखी कितीतरी पोरं पाहिली. ती बेफिकीर नव्हती. मांडवात त्यांना काम असतं, ग्रामसभेत नुसतं सतरंजीवर बसायचं असतं.

कोरमचंच बघा. गावच्या मतदारांपैकी 15 टक्के किंवा 100 जण, यांतला जो आकडा कमी असेल तेवढे लोक हजर लागतात. तेवढे जमले नाहीत की सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला कोरमची अट नसते. मग पंधरावीस माणसांत ठराव होतात, सह्यांसाठी वही नंतर घरोघर फिरते. पोरांना हे सगळं दिसतं. त्यांना रागवण्याआधी ही वही फिरणं बंद करा. तुम्ही सदस्य आहात, हे तुमच्या हातात आहे.

दुसरी गोष्ट याहून अवघड आहे. गावात प्रश्न विचारणारा पोरगा लगेच कुठल्या तरी पार्टीचा ठरतो. पाइपलाइनचं काय झालं म्हणून त्यानं विचारलं, की संध्याकाळी सोसायटीच्या कट्ट्यावर त्याच्या वडिलांना सुनावलं जातं, "तुमचं पोरगं लई बोलायला लागलंय." वडील घरी येऊन पोराला गप्प करतात. पुढच्या वेळी तो येत नाही, आणि आपण म्हणतो की तरुणांना गावाची आस्था नाही! मला याचं फार वाईट वाटतं. म्हणून प्रश्न एकट्यानं विचारू देऊ नका. दहाबारा जणांच्या सहीनं, दोन्ही पार्ट्यांच्या घरातली पोरं मिळून, सभेआधी लेखी अर्ज द्या आणि पंचायतीची पोच घ्या. सभेत तुम्ही स्वतः उठून सांगा, "हा विषय मीच घ्यायला सांगितलाय." सदस्याचं एवढं पाठबळ पोरांना पुरतं.

प्रश्न कुठला घ्यायचा? छोटा, मोजता येणारा. माण तालुक्यातल्या एका गावात बारावीच्या मुलींनी वाडीवाडीतले बंद दिवे मोजले. खांब कुठला, कुणाच्या घराजवळचा, कधीपासून बंद, अशी यादी केली. त्या अठराच्या आतल्या, म्हणजे मतदार नव्हत्या. म्हणून यादी त्यांच्या आयांनी महिला सभेत मांडली. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागतेच आणि तिथं बायका मोकळ्या बोलतात. ठराव झाला. तरी दिवे लगेच लागले नाहीत. पण पुढच्या ग्रामसभेत मागचं इतिवृत्त वाचलं जात असताना त्यातल्या एकीची आई उठली आणि म्हणाली, "दिव्यांच्या ठरावाचं काय झालं?" त्यानंतर हलले सगळे.

मागचं इतिवृत्त वाचून कायम करणं हा सभेचा पहिलाच विषय असतो, आणि बहुतेक गावांत तोच घाईनं उरकतात. माझं ऐकाल तर तुमच्या पोरांना फक्त एवढंच शिकवा: मागचा प्रत्येक ठराव झाला, अर्धवट आहे की पडून आहे, हे विचारायचं. भाषण नको, घोषणा नकोत.

पैशांचं वाचनही त्यांच्याकडे द्या. मोबाइल त्यांच्या हातात असतोच. ई-ग्रामस्वराज पोर्टलवर आपल्या पंचायतीचा विकास आराखडा पाहता येतो. 2021 ते 2026 या काळासाठी 15 व्या वित्त आयोगानं दिलेल्या निधीत 60 टक्के बंधित होता, म्हणजे तो पाणी आणि स्वच्छता यांवरच खर्चायचा. आराखड्यात लिहिलेलं गटाराचं काम जागेवर आहे का, हे पोरं सायकलवरून फिरून एका दुपारी बघून येतील. जिथं जुळत नसेल तिथं आधी कार्यालयात जाऊन शांतपणे विचारायचं. उत्तर मिळालं नाही, तर 2005 चा माहिती अधिकार कायदा आहे.

चाकणला, पुण्याला कामाला गेलेली पोरं 15 ऑगस्टला, 2 ऑक्टोबरला सुट्टीवर येतात आणि बऱ्याच ग्रामसभा त्याच दिवशी ठेवतात. मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नुसती तारीख नको, विषयपत्रिका टाका, तीही सात दिवस आधी. आपला विषय त्यात छापलेला दिसला की माणूस गाडी पकडतो.

आणि सतरा पूर्ण झालेल्यांचे मतदार नोंदणीचे अर्ज, म्हणजे नमुना 6, आत्ताच भरून घ्या. आधीच अर्ज करता येतो. अठरा पूर्ण झाली का हे पाहण्याच्या तारखाही आता वर्षात चार आहेत: 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै, 1 ऑक्टोबर. लग्न होऊन गावात आलेल्या मुलींची नावं मात्र माहेरच्या यादीतच राहून जातात. त्यांच्या घरी तुम्ही स्वतः जा.