सुनेचं ताट आधी बघ

प्रिय पोरी,

अंगणवाडीची किल्ली हातात आली, अभिनंदन. वजनकाटा शून्यावर कसा आणायचा, पोषण ट्रॅकर या मोबाइल ॲपवर नोंद कशी करायची, हे प्रशिक्षणात शिकवतीलच. मी लिहिते ते गृहभेटीबद्दल.

गरोदर बाईला ‘काय खातेस?’ असं विचारू नकोस. सासू समोर बसलेली असते, त्यामुळे उत्तर ठरलेलं: ‘सगळं खाते की!’ त्यापेक्षा विचार, काल रात्री काय केलं होतं, शेवटी कोण जेवलं, तेव्हा पातेल्यात काय उरलं होतं? मग कळतं की मेथी पहिल्या पंगतीतच संपली आणि सुनेने दोन भाकरी आमटीच्या पाण्यात कुस्करून खाल्ल्या. पोट भरलं तिचं. उपाशी कुणी ठेवत नाही गं. भाकरीच्या जोडीला काय मिळालं, खरी गोम तिथे आहे.

हे माझं मत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून पुणे जिल्ह्यातल्या सहा गावांत गरोदर बायकांचा अभ्यास केला. बाळांचं सरासरी वजन २.७ किलोच्या आसपास. इंग्लंडमधल्या बाळांचं साधारण साडेतीन. पालेभाजी, फळं आणि दूध वरचेवर खाणाऱ्या आयांची बाळं अंगाने भरलेली निघाली. नुसत्या एकूण उष्मांकांशी तसा संबंध दिसला नाही. आणखी एक गोष्ट मला फार चटका लावून गेली. या गावांतली बाळं एकूण दिसायला किडकिडीत, पण अंगात स्नायू कमी आणि चरबी त्या मानाने जास्त. पुढे ज्या आयांमध्ये बी-१२ हे जीवनसत्त्व कमी आणि फोलेट, म्हणजे फोलिक ॲसिडच्या गोळीतून मिळतं ते जीवनसत्त्व, जास्त होतं, त्यांच्या मुलांच्या शरीरात सहाव्या वर्षीच इन्सुलिन नीट काम करत नसल्याच्या खुणा दिसल्या. मधुमेहाची वाट ती हीच.

म्हणून फोलिक ॲसिडची गोळी बंद करायची, असा अर्थ कुणाला काढू देऊ नकोस. ती हवीच. पण बी-१२ पालेभाजीतून मिळत नाही. कपभर दूध, वाटीभर दही, घरात चालत असेल तर अंडं, एवढं तरी सुनेच्या वाट्याला आलं पाहिजे. लोहाच्या गोळ्या चौथ्या महिन्यापासून रोज एक, १८० दिवस. चहाबरोबर नको, कॅल्शियमच्या गोळीबरोबरही नको. शी काळी होते हे आधीच सांग, नाहीतर घाबरून गोळ्या फडताळात पडून राहतात.

‘जास्त खाल्लं तर बाळ मोठं होईल आणि बाळंतपण अडेल’ असं सासू म्हणेल. हसू नकोस. तिने घरातली अडलेली बाळंतपणं डोळ्यांनी पाहिली आहेत. दर महिन्याचं वजन तिलाच वाचायला लाव. काट्याची राखण तिच्याकडे गेली की दुधाचा कपही तीच पुढे करते.

अंगणवाडीतून घरी नेलेल्या आहाराची पाकिटं सगळ्या घरात वाटली जातात, कधी गोठ्यातही जातात. त्यावरून रागावण्यात अर्थ नाही. आदिवासी भागातल्या अमृत आहार योजनेत बाईला शिजलेलं जेवण ताटात वाढतात, तेच मला शहाणपणाचं वाटतं. तुझ्याकडे ती योजना नसली तरी शेंगदाण्याचा लाडू समोर बसवून खायला घालता येतो.

आणि सातव्या महिन्यापर्यंत थांबू नकोस. डोहाळजेवणाचं कौतुक होतं तोवर बराच उशीर झालेला असतो. मुंबईच्या वस्त्यांमध्ये बायकांना रोज पालेभाजी, फळं आणि दूध घातलेला खाऊ देऊन पाहिला. सगळ्यांचा मिळून हिशेब केला तर बाळांच्या वजनात फरक पडला नाही. दिवस जाण्याआधी निदान तीन महिने खाऊ सुरू केलेल्यांमध्ये तो पडला, आणि तोही फार रोड बायकांमध्ये नाही. म्हणजे नोंदणीच्या दिवशी आपण बऱ्याच अंशी मागे पडलेलो असतो. सरकारी रजिस्टरमध्ये या आधीच्या महिन्यांना रकाना नाही. तू वेगळी वही घाल.

पुढच्या बीट बैठकीला, म्हणजे आपल्या भागातल्या अंगणवाडी सेविकांच्या बैठकीला, येशील तेव्हा यंदा गावात लग्न होऊन आलेल्या मुलींची नावं, वजन आणि उंची लिहून आण. पंचेचाळीस किलोच्या खालच्या मुलींपुढे खूण कर. त्यांच्या घरी आपण दोघी मिळून जाऊ.

तुझी,
जुनी मुख्यसेविका