वाचकांचे प्रश्न : उड्या मारणाऱ्या कोळ्याचा चेहरा टिपताना

प्रश्न : माझ्याकडे साधा डीएसएलआर, त्यासोबत आलेली १८-५५ आणि एक ५५-२५० अशा दोन लेन्स आहेत. मॅक्रो लेन्स आत्ता परवडणार नाही. भिंतीवर फिरणाऱ्या छोट्या कोळ्याचा डोळ्यांसकट चेहरा यात मिळेल का? (एक वाचक, सातारा)

मिळेल, आणि त्यासाठी तुमची ५५-२५० उपयोगी पडेल. तिच्यापुढे रेनॉक्स डीसीआर-२५० ही चिमट्याने बसणारी क्लोज-अप लेन्स लावा. तिची शक्ती ८ डायॉप्टर, म्हणजे नाभीय अंतर १२५ मिमी. मुख्य लेन्स २५० मिमीवर ठेवून फोकस अनंतावर नेला की २५० भागिले १२५, म्हणजे दुप्पट वर्धन मिळतं : सेन्सरवरची प्रतिमा खऱ्या कोळ्याच्या दुप्पट मोठी उमटते. साध्या डीएसएलआरमधल्या, म्हणजे एपीएस-सी आकाराच्या सेन्सरची रुंदी साधारण २४ मिमी असते. दुप्पट वर्धनाला चौकटीत १२ मिमी रुंदीचा भाग मावतो. घरातला कोळी ८ ते १० मिमीचा असतो, तेव्हा तो चौकट जवळजवळ भरून टाकतो. शिवाय लेन्स आणि कोळी यांच्यात बोटाएवढी नव्हे, चांगली ११-१२ सेंमी जागा उरते. कोळी न बिचकण्यासाठी आणि त्याच्यावर उजेड पाडण्यासाठी ही जागा फार मोलाची आहे.

हीच काच १८-५५ वर लावली तर ५५ मिमीवरही अर्ध्यापेक्षा कमीच वर्धन मिळेल. ती लेन्स उलटी लावण्याचा सल्लाही पुष्कळ जण देतात. वर्धन भरपूर मिळतं हे खरं, पण कोळी अगदी लेन्सच्या तोंडाशी येतो आणि अॅपर्चरवर, म्हणजे लेन्सच्या आतल्या उजेडाच्या छिद्रावर, कॅमेऱ्याचा ताबा राहत नाही. सुरुवात त्याने करू नका.

प्रश्न : मॅक्रो लेन्स आहे, एफ/२२ ठेवतो, तरी फोटो मऊ येतो. डोळ्यांवर पांढरे ठिपके आणि मागे काळाकुट्ट अंधार. काय चुकतंय? (एक वाचक, नागपूर)

मऊपणाचं कारण एफ/२२ हेच आहे. एफचा आकडा जितका मोठा, तितकं अॅपर्चर लहान. जवळून फोटो काढताना प्रत्यक्षातलं अॅपर्चर लिहिलेल्या आकड्याहून लहान होतं : आकडा गुणिले (वर्धन + १). एकास एक वर्धनाला (सेन्सरवरची प्रतिमा वस्तूएवढीच) एफ/२२ चं एफ/४४ होतं आणि विवर्तनामुळे, म्हणजे लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, बारीक केसही पुसट होतात. एकास एकला एफ/८ ते एफ/११, दुप्पट वर्धनाला एफ/५.६ ते एफ/८ एवढ्यावर थांबा. फुल-फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर एफ/८ ला एकास एक वर्धनात साधारण १ मिमी जाडीचा थर स्पष्ट येतो, दुप्पट वर्धनात जेमतेम त्याचा तिसरा हिस्सा. तो थर पुढच्या दोन मोठ्या डोळ्यांवर पडला पाहिजे. मागचे पाय धूसर झाले तर होऊ द्यात.

आता डोळ्यांवरचे ठिपके. हे डोळे गुळगुळीत, फुगीर असतात आणि समोरचं सगळं आरशासारखं दाखवतात. तुम्हाला दिसतो तो ठिपका म्हणजे तुमच्याच फ्लॅशचं प्रतिबिंब. फ्लॅश लहान किंवा लांब असेल तर टोचणारा ठिपका, मोठा आणि जवळ असेल तर मऊसर चमक. आमच्या मते या छायाचित्रणात लेन्सपेक्षा डिफ्युझरच (फ्लॅशचा उजेड पसरवून मऊ करणारा पडदा) जास्त काम करतो, आणि तो घरी होतो. जाड कागदाचा पुढे रुंद होत जाणारा बोगदा करा, आतून स्वयंपाकघरातली अॅल्युमिनियम फॉइल चिकटवा, मागचं तोंड फ्लॅशवर घट्ट बसवा. पुढच्या तोंडावर साधारण २० बाय १५ सेंमीचा पांढरा ट्रेसिंग पेपर, लेन्सवरून खाली वाकलेला. त्याच्या आत ३-४ सेंमी अंतरावर दुसरा थर. हा आतला थर लोक गाळतात, आणि मग डिफ्युझरच्या मधोमध प्रखर डाग राहून तोच डोळ्यात उतरतो. डिफ्युझरची कड कोळ्यापासून ५ ते ८ सेंमीवर आली पाहिजे. पिवळट बटर पेपर टाळा, पांढऱ्या केसांचा रंग बिघडतो.

मॅन्युअल मोड, शटर १/२००, आयएसओ २००, फ्लॅश पूर्ण ताकदीच्या १/१६. अंधारं आलं तर आधी आयएसओ ४०० करा. फ्लॅशची ताकद वाढवली की त्याची लकाकी लांबते आणि हाताचा कंप फोटोत दिसू लागतो.

मागचा काळोख घालवायला काही अवघड नाही. फ्लॅशचा उजेड दूरवर पोचत नाही म्हणून पार्श्वभूमी काळी येते. कोळ्याच्या मागे ३ ते ५ सेंमीवर एखादं हिरवं किंवा वाळकं पान धरा.

प्रश्न : एकाच कोळ्याच्या फोटोंत डोळे कधी काळेभोर, कधी तपकिरी दिसतात. हा रंगसंतुलनाचा दोष आहे का? (एक वाचक, पणजी)

नाही, कोळी दुसरीकडे बघतो आहे. त्याच्या मोठ्या डोळ्यांची बाहेरची काच पक्की असते, पण आत लांब नळी असून तिच्या टोकाचा दृष्टिपटल स्नायूंनी हलतो. तो तुमच्या दिशेला वळला की डोळा काळा दिसतो, बाजूला सरकला की फिका. दोन्ही डोळे काळेभोर असलेली चौकट निवडा. त्या क्षणी तो लेन्सकडेच पाहत असतो.

प्रश्न : स्टॅकिंगसाठी (वेगवेगळ्या फोकसचे फोटो जोडून एक करण्यासाठी) कोळी थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवावा असं ऐकलं. योग्य आहे का? (एक वाचक, कोल्हापूर)

अजिबात नाही. जिवाला त्रास होतोच, आणि गारठलेल्या कोळ्याचे पाय आखडलेले, अंगावर दव जमलेलं असतं. जाणकाराला ते लगेच कळतं. ढगाळ सकाळी, किंवा कोळ्याने भक्ष्य धरलेलं असताना फोटो घ्या. खाताना तो बराच वेळ जागचा हलत नाही. हालचाल हळू ठेवा, तुमची सावली त्याच्यावर पडू देऊ नका. तो ज्या फांदीवर आहे ती डाव्या हातात धरून त्याच मनगटावर लेन्स टेकवा, म्हणजे दोन्ही एकत्र हलतात.

ऑटोफोकस बंद. डोळ्यांच्या किंचित पुढून सुरुवात करून कॅमेरा अगदी हळू पुढे सरकवत ८ ते १२ फोटो सलग घ्या. हेलिकॉन फोकस किंवा झिरीन स्टॅकर या सॉफ्टवेअरमध्ये जोडताना तोंडाजवळचे दोन मिशांसारखे अवयव दुहेरी दिसले, तर ते मध्येच हलले असं समजा. ते हललेले फोटो काढून पुन्हा जोडा. चेहऱ्यावर धूसर पट्टा राहिला, तर मधला एखादा थर सुटला आहे आणि तो नंतर भरून निघत नाही.

प्रश्न : फोटोवरून जात ओळखता येते का? (एक वाचक, ठाणे)

नुसत्या चेहऱ्यावरून क्वचितच. वरून पाठीचा, बाजूचा आणि समोरचा असे तीन फोटो घ्या, सोबत तारीख, जागा, झाड किंवा भिंत हे लिहून ठेवा. अनेक जाती सूक्ष्मदर्शकाखाली जननेंद्रियं पाहिल्याशिवाय पक्क्या करता येत नाहीत, त्यामुळे पुष्कळदा कुळापर्यंतच थांबावं लागेल. तरी नोंदी ठेवाच. हुतात्मा तुकाराम ओंबळे यांचं नाव दिलेला 'आयसियस तुकारामी' हा कोळी २०२१ साली विज्ञानाला नव्याने कळला, आणि तो तुमच्याच ठाणे-कल्याण परिसरातला आहे.