चेस इंजिनांची मॅच निष्पक्ष कशी लावायची? माझ्या लॅपटॉपवर २० डावांत एक इंजिन १२-८ ने जिंकलं, तर तेच वरचढ ना?

एवढ्यावरून वरचढ नाही म्हणता येणार. १२-८ म्हणजे ६० टक्के गुण, म्हणजे साधारण ७० एलोची (खेळाडूची ताकद मोजणाऱ्या रेटिंगचे गुण) आघाडी. पण निम्मे डाव बरोबरीत सुटले असं धरलं, तर ९५ टक्के खात्रीच्या हिशेबाने २० डावांमागे १०८ एलो इकडेतिकडे होऊ शकतात. तुमचं विजेतं इंजिन १७८ ने पुढे असेल, नाहीतर ३८ ने मागेही असेल. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण पातेल्यातली सगळी शितं एकाच आचेवर शिजलेली असतात. डावांचं तसं नसतं. १०० डावांना ही चूक ४८ वर येते, १००० डावांना १५ वर, १०,००० डावांना ५ च्या आत. चूक निम्मी करायची तर डाव चौपट लागतात, आणि हौशी माणसाचा धीर इथेच सुटतो.

म्हणून डाव छोटे ठेवा. मी प्रत्येक इंजिनाला अख्ख्या डावासाठी १० सेकंद आणि वर प्रत्येक खेळीला ०.१ सेकंद देतो. एक डाव अर्ध्या-पाऊण मिनिटात आटपतो, रात्रभरात हजार डाव सहज होतात. स्टॉकफिश या नामांकित इंजिनातल्या बदलांची, फिशटेस्ट या त्याच्या चाचणी-यंत्रणेवर, पहिली चाळणी लागते तीही याच वेळेवर, त्यामुळे यात कमीपणा वाटून घेऊ नका.

डाव वाढवले तरी ते वेगवेगळे हवेत. पटाच्या मूळ मांडणीवरून सोडलंत तर दोन्ही इंजिनं त्याच त्या ओळी गिरवत बसतात. त्यासाठी ओपनिंग बुक (सुरुवातीच्या तयार खेळ्यांचा संग्रह) लागतं, आणि त्यातली प्रत्येक ओपनिंग दोनदा खेळवायची: एकदा याच्याकडे पांढरी, एकदा त्याच्याकडे. इंजिनं तगडी असतील तर समतोल ओपनिंगमधून बरोबऱ्यांचा नुसता ढीग पडतो. अशा वेळी मुद्दाम पांढऱ्याला झुकतं माप देणाऱ्या ओपनिंग घेतात. ऐकायला हा अन्याय वाटेल, पण रंग बदलून तोच डाव पुन्हा होणार असतो, त्यामुळे फिट्टंफाट. मात्र हिशेब करताना ती जोडी एकत्र धरा, कारण तिच्यातले दोन निकाल एकमेकांपासून स्वतंत्र नसतात.

आता डाव खेळवतानाची परिस्थिती. २०१७ च्या डिसेंबरात गूगलच्या डीपमाइंड कंपनीने आपलं इंजिन अल्फाझीरो आणि स्टॉकफिश ८ यांच्यातल्या १०० डावांचा निकाल जाहीर केला: अल्फाझीरोचे २८ विजय, ७२ बरोबऱ्या, हार एकही नाही. त्यातले काही डाव मी पुन्हा पुन्हा लावून पाहिले, इतके सुंदर होते. पण स्टॉकफिशला ६४ थ्रेड (एकाच वेळी समांतर चालणारे विचाराचे धागे) देऊन हॅश (तपासलेल्या स्थिती साठवायची मेमरी) मात्र १ जीबीच दिलेलं, आणि प्रत्येक खेळीला ठरावीक एक मिनिट. कुठे रेंगाळायचं आणि कुठे झटकन खेळायचं यावर त्या इंजिनात केलेली मेहनत तिथे पाण्यात गेली. डीपमाइंडच्याच २०१८ च्या पेपरमध्ये तीन तास अधिक खेळीला १५ सेकंद अशा वेळेवर १००० डाव आले. अल्फाझीरोने १५५ जिंकले, ६ हरले. निष्कर्ष तोच राहिला, पण मधलं वर्षभर लोक भांडत बसले ते पहिल्या मॅचच्या मांडणीमुळेच.

तुमच्या लॅपटॉपवर एवढं नाट्य नको. दोघांना एकेक थ्रेड, सारखं हॅश (स्टॉकफिशचं न बदलता सोडलंत तर १६ एमबीच असतं), एण्डगेम टेबलबेस (मोजक्या सोंगट्या उरल्यावरच्या अचूक उत्तरांचा साठा) द्यायचे तर दोघांना, आणि पाँडर बंद. पाँडर चालू असेल तर समोरच्याच्या वेळेतही इंजिन विचार करतं आणि त्याच प्रोसेसरवर त्याचाच वेग खातं. फाइल उतरवताना ती तुमच्या प्रोसेसरसाठीची आहे ना तेही बघा. एकाची एव्हीएक्स२ ची (नव्या प्रोसेसरांच्या वेगवान सूचना वापरणारी) आणि दुसऱ्याची जुन्या मशीनची घेतलीत, तर मॅच सुरू होण्याआधीच लागली वाट.

माझी फजिती सांगतो. चार कोअरच्या मशीनवर मी हौसेने आठ डाव एकदम लावले, वर व्हिडिओ बघत बसलो. एक इंजिन ४० एलोने गडगडलं. पीजीएन (डावांची नोंद असलेली फाइल) उघडली तर १०० पैकी १२ डाव ते वेळ संपून हरलेलं! ते शेवटच्या मिलिसेकंदापर्यंत विचार करायचं, आणि प्रोसेसरवर पाळी यायलाच उशीर होत होता. तेव्हापासून कोअर असतील त्याहून एक डाव कमीच लावतो, आणि निकालाआधी पीजीएनमध्ये ‘वेळ संपली’ किती वेळा आलंय ते मोजतो.

यादी करायची तर दोन इंजिनं पुरणार नाहीत, आठ-दहा तरी घ्या. एकाच इंजिनाच्या दोन आवृत्त्या आपसात लढवल्या की फरक फुगून दिसतो. क्यूटचेस किंवा फास्टचेसने डाव खेळवा, ऑर्डोने रेटिंग काढा, आणि एका इंजिनाचा आकडा पक्का धरून बाकीच्यांना त्याच्याशी बांधा. तो आकडा सीसीआरएल या इंजिनांच्या प्रसिद्ध रेटिंग-यादीवरून उचललात तरी तुमची यादी सीसीआरएलची होत नाही. त्यांची मुख्य यादी ४० खेळ्यांना १५ मिनिटं या वेळेची आहे, तीही इंटेल आय७-४७७०के च्या वेगाच्या हिशेबाने. आणि त्यातल्या ३६०० ची तुलना कार्लसनच्या सर्वोच्च २८८२ शी कृपया नको, ते दोघे एका तळ्यातले मासेच नाहीत.

राहिलं थांबायचं कधी. डावांची संख्या आधी ठरवा आणि तेवढे पुरे होईपर्यंत हात लावू नका, नाहीतर एसपीआरटी ही सांख्यिकी चाचणी वापरा, त्यात कधी थांबायचं हे गणितच ठरवतं. मधेच डोकावून, आपलं लाडकं इंजिन पुढे दिसलं की मॅच बंद करायची, यातून हवा तो निकाल काढता येतो. म्हणून विचारतो: ते २० डाव तुम्ही आधी ठरवले होते, की १२-८ दिसल्यावर थांबलात?